घरघर आहे म्हणून लगेच मोटर बदलू नका

लेन्को एल-७५ हा जुना रेकॉर्ड प्लेअर साफ केला तरी दोन गाण्यांच्या मधे घरघर ऐकू येते, मोटर बदलू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा जरा. या स्विस यंत्राची मोटर सहसा जळत नाही, तिचं तेल डिंकासारखं होतं. प्लग काढून मोटर उघडा, बुशिंगं (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, नव्या तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असते. एखादी स्प्रिंग सैल पडून मोटर पत्र्याला टेकली, तर मोटरची थरथर थेट सुईपर्यंत पोचते. माझ्याकडे हेच निघालं, आणि मी आधी उगाच कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलून बसलो होतो!

मग आयडलर चाक, म्हणजे मोटरची गती प्लॅटरला (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीला) देणारं रबरी कडेचं चाक. लेन्कोत ते उभं असतं, मोटरच्या निमुळत्या दांड्यावर फिरतं आणि साधारण ४ किलोच्या प्लॅटरला खालून फिरवतं. रबराला खड्डा पडला असेल तर 'धप-धप' येते, तिथे पॉलिशपेपर घासून भागत नाही, रबर नवं चढवा. तेलकट बोट मात्र तिथे लावू नका.

टोनआर्मचे (सुई धरणाऱ्या दांडीचे) व्ही-आकाराचे रबरी ठोकळे एव्हाना भुगा झाले असतील, तेही बदला. यंत्र बसवायला जाड प्लायवूडच्या थरांची वजनदार पेटी हा सगळ्यात स्वस्त आणि खरा अपग्रेड.

वेग जुळवायला ५० हर्ट्झच्या विजेसाठीची, १८० रेघांची स्ट्रोब चकती घ्या; फिरताना रेघा स्थिर दिसल्या की ३३⅓ चा वेग बरोबर. ती साध्या बल्बखाली बघा, बऱ्याच एलईडींखाली रेघा नुसत्या पुसट दिसतात.