मदत हवी आहे: ऑर्किडच्या कळ्या न उमलताच गळताहेत

तापीकाठ (रावेर):
लवकर सांगा कुणीतरी. माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला दोन वर्षांनी फुलांचा दांडा आला, नऊ कळ्या होत्या. सोमवारपासून चार पिवळ्या पडून गळाल्या, पाचवी आज हात लावताच हातात आली. पाणी वेळेवर देते. काय घालू?

गच्चीबाग:
वेळेवर म्हणजे कधी? कुंडीत काय भरलंय? ठेवलीय कुठे?

तापीकाठ:
बैठकीत, पूर्वेच्या खिडकीशी. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. मुळं रुपेरी दिसली की पाणी देते, मग ती हिरवी होतात. पानं टणक आहेत. म्हणूनच तर काही कळेना.

रानमाळ:
जीवामृत द्या, आठवड्याला पेलाभर. आणि ते कोळसे काढून काळ्या मातीत लावा. खान्देशच्या मातीत काय येत नाही?

गच्चीबाग:
दादा, कृपा करून असं सांगू नका. हे झाड रानात दुसऱ्या झाडांच्या खोडावर वाढतं, मुळांना हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतील.

रानमाळ:
सातपुड्यातली आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, मी लहानपणापासून पाहतोय. तिला कोण कोळसा घालतं?

गच्चीबाग:
पण ती असते झाडावरच ना!

धुळेकर:
ताई, माले ते कूलरच वाटस. मार्च लागला की झोत सरळ झाडावर. माझ्या कळ्या तशाच गेल्या.

तापीकाठ:
कूलर अजून माळ्यावरच आहे.

नवी पालवी:
फुलं संपली की दांडा खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या (गाठीच्या) वर कापा, कधीकधी पुन्हा फुटतो. दांड्यावर पिल्लू (छोटं रोप) आलं तर मुळं दोन इंच झाल्याशिवाय वेगळं करू नका.

तापीकाठ:
अहो, आधी फुलं तर येऊ द्या!

गच्चीबाग:
सोमवारच्या आधी घरात काय बदललं? रंगकाम, धूर, फळं?

तापीकाठ:
काहीच नाही. रविवारी आबांनी मळ्यातून केळीचा घड आणला, तो नेहमीसारखा बैठकीच्या कोपऱ्यात टांगलाय. वरच्या दोन फण्या पिकल्या. एवढंच.

गच्चीबाग:
ताई, तो घड आत्ताच्या आत्ता बाहेर न्या! पिकत्या केळीतून इथिलीन वायू निघतो आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. पिवळ्या पडून गळतात त्या यानेच. खिडक्या उघड्या ठेवा. खत, जीवामृत काही नको.

सावदेकर:
बरोबर आहे. आमच्याकडे रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वायू सोडतात.

रानमाळ:
केळीने फूल गळतं हे मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या घरी जास्वंदीशेजारीच घड असतो.

गच्चीबाग:
जास्वंद अंगणात असते, दादा. तिथे वायू साचत नाही.

तापीकाठ:
घड मागच्या पडवीत नेला. चार कळ्या उरल्यात, दोन हिरव्या, दोन फिकट. फिकट वाचतील का?

गच्चीबाग:
फिकट जातील, ताई. हिरव्या दोन्ही वाचाव्यात. आता कुंडी हलवू नका, आहे तिथेच राहू द्या.