साडी नेसून कॅबरेला जाताना

वेषांतर करून कॅबरे पाहायला गेल्यास लोक हसतील का, असे येथे विचारले गेले आहे. मी पुरुष असून आवडीने साडी नेसतो आणि गेल्या हिवाळ्यात सावंतवाडीहून पणजीतील एका कॅबरेला तशाच वेषात जाऊन आलो. कोणी हसले नाही. दारावरच्या माणसाने क्षणभर न्याहाळले आणि ‘या मॅडम’ म्हणत टेबल दाखवले.

खरा त्रास दिला तो दमट हवेने. पोहोचेपर्यंत गळ्याशी फाउंडेशनचे ओघळ आले होते. अशा वेळी रुमालाने पुसू नये, नुसते टिपावे. विगखाली सुती टोपी मात्र हवीच. गायिका गात गात प्रेक्षकांत उतरली, तेव्हा माझ्या पदराची सुटलेली पिन तिच्या लक्षात आली आणि गाणे न थांबवता तिने ती एका हाताने नीट लावून दिली. त्या रात्रीचे मला सर्वाधिक स्मरणात राहिले ते हेच.

पुरुषाने असा स्त्रीवेष करणे ‘हे आपल्याकडचे नव्हे’, असेही येथे कोणी म्हटले आहे; त्या मताशी मी सहमत नाही. आपल्या जत्रांत दशावतारातील स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करत आले आहेत, आणि बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) साड्यांचे अनुकरण तर घरंदाज स्त्रिया करत. अर्थात तेथे भूमिका असते, येथे आपण स्वतः असतो, हा फरक मला मान्य आहे.

परतीच्या वाटेवर गोवा-महाराष्ट्र सीमेवरील पत्रादेवीजवळ तपासणी होऊ शकते, म्हणून ओळखपत्र पर्समध्ये वरच ठेवावे.