लाकडी फ्लोअरिंग की लॅमिनेट की एसपीसी? खर्चाची तुलना जमतच नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे हा एकच विषय डोक्यात आहे आणि घरात आता कुणी ऐकून घेईना म्हणून इथे लिहितेय. हॉल आणि दोन बेडरूम मिळून ४८० चौरस फूट भरतं, खाली काँक्रीटचा स्लॅब, वर जुन्या लाद्या, त्यातल्या काही पोकळ वाजतात. मला मनापासून खरं लाकूड हवंय, नवऱ्याला "फडकं मारलं की झालं" असं काहीही चालेल, आणि घरात एक कुत्रा आहे, त्याला मत नाही पण नखं आहेत.

चार कोटेशनं आलीत. सॉलिड हार्डवूड १८ मिमी, इंजिनीअर्ड वूड १४ मिमी (त्यात वरचा थर ३ मिमी खऱ्या लाकडाचा, खाली प्लाय), लॅमिनेट ८ मिमी एसी४ (म्हणजे झिजेला किती टिकतं त्याचा दर्जा) आणि एसपीसी ५ मिमी (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या). मला वाटलं सोपंय, चौरस फुटाचा दर घ्यायचा, ४८० ने गुणायचं, संपलं. पण एकाने दरात अंडरले (फळ्यांखालचा मऊ थर) धरलाय, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने स्कर्टिंग रनिंग फुटाने वेगळं लावलंय, जुन्या लाद्या फोडून राडारोडा उचलायचं फक्त एकाच्या कागदावर आहे, आणि "लेव्हलिंग लागल्यास जादा" हे मात्र चौघांनीही अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय. वेस्टेजचं, म्हणजे कापताना वाया जाणाऱ्या मालाचं, पण तसंच. १० टक्के धरले तर ५२८ चौरस फूट, एका खोक्यात २२ म्हणजे बरोब्बर २४ खोकी. पण मी एकाकडे हेरिंगबोन (फळ्यांची तिरकी नागमोडी नक्षी) हवं म्हणून बसले होते, त्याने १५ टक्के धरले, ते झाले ५५२, म्हणजे पंचवीस खोक्यांत २ चौरस फूट कमी पडतात आणि तेवढ्यासाठी सव्विसावं खोकं घ्यायचं!

माझा हिशोब असा की सॉलिड लाकूड ४०-५० वर्षं जातं, लॅमिनेट साधारण १५ वर्षांनी बदलावं लागेल, म्हणजे वर्षाला भागलं तर लाकूडच परवडतं. नवरा म्हणतो महागाची वस्तू घ्यायची असली की माणूस असाच भागाकार करतो. कोण बरोबर?

रंधा:
ताई, तुमचे मिस्टर थोडे जास्त बरोबर आहेत 🙂 सुतारकामातला आहे म्हणून सांगतो. सॉलिड फळी १८ मिमीची असली तरी घासायला मिळतं ते फक्त जिभेच्या (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या) वरचं, ५-६ मिमी धरा. एका घासाईत अर्धा ते एक मिमी जातं. म्हणजे चार-पाच वेळा नवीन करता येते, हे खरं. पण प्रत्येक वेळी घर रिकामं करायचं, धूळ, पॉलिश वाळेपर्यंत दुसरीकडे राहायचं, तो खर्च तुमच्या भागाकारात कुठंय? ३ मिमी थरवाली इंजिनीअर्ड एकदा, फार तर दोनदा घासता येते. लॅमिनेटवर लाकडाचा नुसता छापील कागद असतो, ते घासायचंच नसतं.

आणि मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. सॉलिड फळी काँक्रीटवर थेट खिळत नाहीत, आधी ओल अडवणारा थर, त्यावर प्लाय, मग फळी. १८ अधिक प्लायचे १२ ते १८, म्हणजे ३० मिमीच्या वर चढलात. लाद्या काढल्या तर थोडं निभावेल, नाहीतर सगळे दरवाजे खालून कापा, बाथरूमचा उंबरठा बघा, कपाटाची दारं बघा. कोटेशनमध्ये प्लाय आहे का ते आधी विचारा, माझ्या अंदाजाने नसणार.

चारपायी_घर:
आमच्याकडे एसपीसी आहे, चार वर्षं झाली, कुत्रे दोन. वरचा पारदर्शक थर किती ते विचारा, ०.३ आणि ०.५ मिमी दिसायला सेम, पण फरक पुढे कळतो. बाकी पाण्याला मस्तच. पण आम्ही लेव्हलिंगचे पैसे वाचवायला गेलो, लावणारा पण "चालून जाईल" म्हणाला, आणि वर्षभरात हॉलच्या मधोमध दोन जोड तुटले, कारण खाली खड्डा होता आणि पाय पडला की फळी दबायची. मग भिंतीपासून तिथपर्यंत सगळं उकललं. वाचवले त्याच्यापेक्षा जास्त गेले.

सरळसोट:
टाइल लावा. विषय संपला.

धागाकर्ती:
@सरळसोट लाद्या काढून लाद्याच लावायच्या तर तीन आठवडे कशाला जागले मी 😀
@रंधा प्लाय खरंच नव्हता! आणि कुत्र्याच्या नखांसाठी सागवान घ्यावं का? महाग आहे म्हणजे कडक असेलच ना.

रंधा:
नाही, तिथेच लोक फसतात. जांका कसोटीत (लाकडाचा कडकपणा मोजतात ती, आकडा जास्त तेवढं कडक) रेड ओक १२९० ला आहे आणि सागवान त्याच्याही खाली. सागवानाचे पैसे त्याच्या तेलाचे, वाळवी आणि पाण्याला टिकण्याचे. नखांचे ओरखडे तसेही लाकडापेक्षा पॉलिशवर आधी दिसतात, चकचकीत घेऊ नका, मॅट घ्या.
दर वगैरे राहू द्या, आधी स्लॅबची ओल तपासा. पोकळ वाजणारी एक लादी उचला, उघड्या काँक्रीटवर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दिवसभर ठेवा.

धागाकर्ती:
अपडेट देते. चौघांना एकच तक्ता पाठवला: लाद्या काढणं, लेव्हलिंग, ओलीचा थर, प्लाय, अंडरले, वेस्टेज, स्कर्टिंग, दरवाजे कापणं, सगळं वेगवेगळ्या ओळीत भरा म्हटलं. एकाने फोन उचलणं बंद केलं. बाकीच्यांचं आलं त्यात लॅमिनेट आणि एसपीसी जवळजवळ सारखेच निघाले, कारण तळाचं काम दोघांना तेच, आणि सॉलिड जे इंजिनीअर्डपेक्षा थोडंसंच वर दिसत होतं ते प्लाय धरल्यावर एकदम लांब गेलं. म्हणजे सॉलिड बाद. वाईट वाटलं, पण बाद.

आता दुसरंच झालंय. दोन ठिकाणी लाद्या उचलून प्लास्टिक लावलं होतं, २४ तासांनी हॉलमधलं कोरडं, पण मागच्या बेडरूममध्ये प्लास्टिकच्या आतून चक्क थेंब आणि काँक्रीट काळपट. त्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे. उद्या प्लंबर येतोय. नवरा म्हणतो एसपीसी टाकून मोकळे होऊ, त्याला पाण्याने काही होत नाही, पण पाणी खाली तसंच राहणार ना? आणि हॉल कोरडा आहे तर तिथे इंजिनीअर्डचं काम आत्ता सुरू केलं तर चालेल, की पूर्ण स्लॅब वाळेपर्यंत थांबायचं? कुणी असं अर्धं-अर्धं केलंय का?