मदत हवी आहे: सिअ‍ॅटलहून अलास्का क्रूझ, सोबत सासू-सासरे

नमस्कार मंडळी,

आम्ही पोर्टलंडला असतो. मे महिन्यात सांगलीहून साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) येतायत, सहा महिने राहतील. जुलैअखेर साबुंची सत्तरी आहे आणि नवऱ्याच्या डोक्यात अलास्का क्रूझ शिरलीय. सिअ‍ॅटलहून सुटायचं, जुनो, स्कॅगवे, केचिकान करायचं, शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबून परत सिअ‍ॅटल. सात रात्री. सिअ‍ॅटल आम्हाला गाडीने तीन तासांवर, म्हणजे विमानाची कटकट नाही. दोन केबिन धरून ठेवल्यात, डिपॉझिट भरलंय, बाकीचे पैसे एप्रिलमध्ये. तोवर माघार घ्यायला वाव आहे.

आमच्यापैकी कुणीही मांडव्याच्या लाँचपलीकडे बोटीत पाय ठेवलेला नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध असतील, सांभाळून घ्या.

साबा पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. त्यात आषाढी नेमकी त्याच आठवड्यात, म्हणजे उपवास, आणि त्यानंतर चातुर्मासाचा कांदा-लसूण बंद. सात दिवस पाव आणि सॅलडवर काढायला लावले तर मला जन्मभर ऐकावं लागेल. साबुंचे गुडघे दुखतात आणि त्यांना इन्सुलिन आहे. जहाजावर चालणं किती होतं? बोट लागली तर काय? एक बाल्कनीची आणि एक आतली, बिनखिडकीची केबिन घेतलीय, कोणती कुणाला द्यावी? आणि तिकिटाच्या वर नक्की किती खर्च होतो? दिराचं म्हणणं, "आत गेल्यावर सगळं फुकट." माझा विश्वास नाही.

आमच्या दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, लेक इथलीच सिटिझन, साबा-साबुंकडे दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिजा आहे. त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न नसावा.

आगाऊ धन्यवाद!

गलबत:
जेवणाची काळजी सोड. बुकिंगमध्ये आत्ताच शाकाहारी/जैन असं नोंदवून ठेव, पण खरं काम पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये होतं. हेड वेटरला बोलावून नीट सांगायचं: अंडं नाही, कांदा-लसूण नाही. आमचा हेड वेटर मडगावचा निघाला, गोव्याची बरीच माणसं बोटीवर असतात. तो रोज जेवण संपताना उद्याचा मेनू घेऊन यायचा आणि आईला विचारायचा, "भाजी कोणती करायला सांगू?" चौथ्या दिवशी त्याने बिनलसणाचं वरण आणून ठेवलं. आईने ते चाखलं, काही बोलली नाही, फक्त वाटी पुढे केली.

बुफेत मात्र जपून. तिथे सूप, सॉस, केक कशात काय आहे ते पाटीवरून पूर्ण कळत नाही. आषाढीला फळं, दही, उकडलेला बटाटा, दूध, एवढ्यात दिवस निघतो. राजगिऱ्याच्या वड्या आणि बाकीच्या दिवसांसाठी बिनलसणाच्या भडंगाची बंद पाकिटं बॅगेत टाक. किटली किंवा इलेक्ट्रिक शेगडी नेऊ नकोस, आगीच्या भीतीने काढून घेतात. बुफेत गरम पाणी मिळतं, थर्मास ने.

खारी_बिस्कीट:
बोट लागण्याबद्दल. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेटांच्या आडोशाने जातात. सिअ‍ॅटलहून सुटणारी बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून. जाताना आणि येताना एकेक रात्र हलू शकतं, बाकी मधले दिवस खाडीत पाणी ताटात ठेवल्यासारखं असतं. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर असेल तर कमी जाणवतं, बदलून मिळते का ते विचारा. आल्याच्या वड्या ठेवा, गोळी मात्र साबुंच्या डॉक्टरांना विचारूनच. जहाजावर डॉक्टर असतो पण बिल तुमच्या खात्यावर चढतं, त्यामुळे त्या दोघांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.

बाल्कनी त्यांनाच द्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. हिमनदीच्या बर्फाच्या कड्यापुढे जहाज दोन-तीन तास रेंगाळतं, तेव्हा डेकवर गर्दी आणि बोचरा वारा. साबु शाल गुंडाळून खुर्चीत बसून बघतील. कडा तुटताना आधी दिसतो, मग क्षणभराने तोफ उडाल्यासारखा आवाज येतो. माझे बाबा प्रत्येक वेळी आकडे मोजायचे, किती सेकंदांनी येतो ते. तुम्ही आतल्या केबिनमध्ये झोपा. जुलैत तिकडे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, आत काळोख बरा.

गुडघ्यांसाठी स्कॅगवेची आगगाडी. १८९८ च्या सुमारास, सोन्याच्या मागे धावणाऱ्यांच्या काळात बांधायला घेतली, १९०० मध्ये पुरी झाली. नॅरो गेज, माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा. खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन येणारी फेरी घ्या, जागेवरून उठायचं कामच नाही. केचिकानला रेनकोट हवाच. वर्षाचा पाऊस रत्नागिरीच्या जवळपास, फक्त तो चार महिन्यांत न उरकता बारा महिने वाटून पडतो.

तांडेल:
दिराला सांग, फुकट काही नसतं. 😀 टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, आपोआप लागते. पाच जणांचे सात दिवस धर, सहा-सातशे डॉलर झाले. इंटरनेट वेगळं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या, दारू-कोल्ड्रिंक वेगळं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाच्या टॉवरला लागला तर बिल बघून बोट लागेल.

धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतात, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतात. इन्सुलिन, गोळ्या, पासपोर्ट हे हातातल्या पिशवीत. टर्मिनलवर व्हीलचेअर मागा, लाजू नका, रांग फार लांब असते.

खलाशी_नंबर_दोन:
सगळे जेवणावर बोलतायत, पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दचकलो. व्हिक्टोरिया कॅनडात आहे! साबा-साबुंना कॅनडाचा व्हिजिटर व्हिजा लागेल. उतरणार नाही, केबिनमध्येच बसू म्हटलं तरी लागतो. नसेल तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरूनच परत पाठवतात, आणि पैसे मिळत नाहीत. तुम्हा दोघांना पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरे, लेकीला तिचा पासपोर्ट.

ते चार तासांचं व्हिक्टोरिया आहे कशाला, तर १८८६ चा अमेरिकेचा कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतल्या बंदरातून माणसं उचलून परत अमेरिकेत सोडायची तर मध्ये परदेशी बंदर लागलं पाहिजे. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा-पनामा असल्या झेंड्यांचीच. २०२१ मध्ये कॅनडाने कोव्हिडमुळे बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करून सूट द्यावी लागली होती. म्हणून दुसरी कंपनी बघून हे टळत नाही.

अजून एक. त्यांचा अमेरिकेचा व्हिजा मल्टिपल एंट्री आहे ना ते स्टॅम्पवर बघा. आणि कॅनडाला जाऊन आलं म्हणून सहा महिने नव्याने मोजायला लागत नाहीत, आय-९४ (अमेरिकेत कधी आलात, कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) सहसा जुनीच धरतात.

धागाकर्ती:
बाप रे. खरंच माहीत नव्हतं. ज्या एजंटकडून बुक केलं त्याने चकार शब्द काढला नाही, मी फोन केल्यावर म्हणतो, "मॅडम, ते फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात आहे." आहे खरं. नवरा म्हणाला, पोर्टलंडला आल्यावर इथून अर्ज करू. मी म्हटलं, मुळीच नाही, ते तिकडे असतानाच होऊ दे.

धागाकर्ती (दीड महिन्यानंतर):
अपडेट देते, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. अर्ज ऑनलाइन मीच भरला, बोटांचे ठसे द्यायला दोघं मुंबईला चुलत दिरांकडे जाऊन आले. पासपोर्ट कालच घरी आले, व्हिजा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा आहे. आतली केबिन बदलली नाही, बाल्कनीची मात्र दोन मजले खाली आणि मध्यावर मिळाली. उरलेले पैसे आज भरतेय. @खलाशी_नंबर_दोन, तुम्हाला सांगलीहून भडंग पोचतं करायचं आहे, विपू (विचारपूस, म्हणजे तुमच्या पानावरचा निरोप) बघा.

आता नवीन भानगड. साबुंनी व्हिक्टोरियाजवळच्या त्या बुचार्ट गार्डनचे फोटो बघितलेत आणि एवढे कागद केलेत तर ती बाग बघितल्याशिवाय परत येणार नाही म्हणतायत. जहाज रात्री आठला लागतं, बाग वीसेक किलोमीटर लांब. इतक्या उशिरा कुणी गेलंय का? जहाजाची सहल घ्यावी की टॅक्सी?