कात्री लागणारच, प्रश्न कुठे लागली हा

‘पुस्तकातलं निम्मं गाळलं, म्हणून चित्रपट फसला’ हे निदान मला अपुरं वाटतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. दोन तासांना ११०-१२० पानं मिळतात, तीही मोकळ्या जागेनं भरलेली. ४०० पानांची कादंबरी त्यात मावणारच नाही. (दीर्घकथा तुलनेनं सहज बसते.)

खरी अडचण निवेदकाची असते. ‘त्याला तिचा राग आला, पण तो गप्प बसला’ हे कादंबरीत एका वाक्यात होतं. कॅमेऱ्याला फक्त गप्प बसणं दिसतं. मग पटकथाकार पार्श्वनिवेदन (दृश्यावर ऐकू येणारा निवेदकाचा आवाज) घालतो, नाहीतर एखादा मित्र उभा करून नायकाला त्याच्यापाशी मन मोकळं करायला लावतो. दुसरा उपाय जास्त घातक, कारण पुस्तकभर मनातल्या मनात कुढणारा माणूस इथे बोलका होतो, म्हणजे त्याचा स्वभावच बदलतो. वाचकाला हेच खुपतं, पण तक्रार मात्र तो गाळलेल्या प्रसंगाची करतो! मित्र उभा करण्याऐवजी पटकथाकारानं कृती शोधावी: लिहिलेलं पत्र खिशातच राहू देणं, दारापर्यंत जाऊन परत फिरणं.

दोन दुय्यम पात्रांचं एक करायला हरकत नाही, फक्त त्यांचे हेतू परस्परविरोधी नसावेत. नाहीतर ते पात्र आधी मदत करतं आणि पुढे विनाकारण उलटतं.

आणि कृपा करून, चित्रपटाच्या आदल्या दिवशी पुस्तक पुन्हा वाचू नका. ताज्या वाचनानंतर डोकं नुसते फरक मोजत बसतं. आधी पाहा, आठवड्याभरानं वाचा.