आत्याला 'देवदास' वाचायला द्यावी का?

औसेकर: परवा रात्री शरच्चंद्रांची 'देवदास' मराठीत वाचून संपवली. हरभऱ्याला पाणी होतं, थ्री फेज लाइट रात्रीचीच, म्हणून मोटारीच्या खोलीत बसलो होतो. सिनेमा पाहिलेला, वाटलं गोष्ट माहीतच आहे. पण तापानं फणफणलेला देवदास पांडुआ स्टेशनावरून बैलगाडीनं निघतो, अजून किती लांब म्हणून गाडीवानाला विचारत राहतो, पारोच्या दारापुढच्या झाडाखाली जीव सोडतो. आणि तिला कळतं तेव्हा प्रेत नेऊन जाळलेलं असतं. वाफा फुटून पाणी धुऱ्यावर गेलं तरी मला उठवलं नाही.

कारण आत्या. औशाला कॉलेजात असताना एका किल्लारीच्या मुलावर तिचा जीव जडला. घरच्यांनी लई ताणलं, मग कुंकू लावलं. लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत भूकंप झाला. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा भार. आजोबा ट्रॅक्टरनं पोचले तेव्हा पावसात एकेका सरणावर कितीतरी प्रेतं जळत होती. आत्याला नेलंच नाही.

पुढं तिचं लग्न झालं, लेकरं झाली. आता आमच्या गल्लीतच राहते. अजून माळवदाखाली झोपत नाही, पत्र्याच्या खोलीत झोपते. माझ्याकडून पुस्तकं नेते. ही मागितली तर काय करू?

सास्तूरची लेक: भाऊ, द्या. माझा थोरला भाऊ त्याच पहाटे गेला. माझं मन कच्चं होईल म्हणून घरात त्याचं नाव वर्षानुवर्षं कुणी काढलं नाही. त्या गप्प बसण्यानं जास्त जाळलं. फक्त शेवट आधी सांगा, आणि त्या वाचत असताना तोंडाकडं बघत बसू नका.

परभणीकर: मला देवदासचा रागच येतो. गळाच्या काठीनं पारोच्या कपाळावर कायमचा वण ठेवला त्यानं. ती अपरात्री त्याच्या दारी आली तेव्हा आईबापाला भिऊन कच खाल्ली. शरच्चंद्र शेवटी वाचकाला देवदाससाठी प्रार्थना करायला सांगतात. पारोसाठी कोण करणार? आत्याबाईंना पारोसाठी द्या.

औसेकर: ताई, दादा, काल दिली. शेवट आधी सांगितला. आत्या भाकरी थापत होती, हात थांबला.

"धावली का ती?"

म्हटलं, हो, पण वाड्यातल्या माणसांनी धरून आणलं.

"मला तर कुणी उंबऱ्याभाईरबी जाऊ दिलं नाही," म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती तशीच टोपल्यात टाकली. जेवणं झाल्यावर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि पत्र्याच्या खोलीत घेऊन गेली. आज सकाळी उशाशी होतं. एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलंय, साधारण अर्ध्यावर. मी काही विचारलं नाही.