मदत हवी आहे : फ्रेंच चित्रपटाचं नाव मराठीत कसं आणावं?

मोरिस पियाला यांचा 'ला गल उव्हेर्त' (1974) आम्ही दहा-बारा जण घरी बघणार आहोत. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली आई, मुलगा, सून आणि बाहेरख्याली बाप, एवढीच गोष्ट. कमी खर्चातला, रडारड टाळणारा चित्रपट.

सोबत वाटायला एकपानी मराठी टिपण लिहितेय. मजकूर झालाय, घोडं अडलंय शीर्षकावर. 'गल' म्हणजे मुळात जनावराचं तोंड. माणसाला लावलं की उर्मट, रस्त्यावरचा शब्द. 'द माउथ अगेप' या इंग्रजी नावात तो उर्मटपणा उरतच नाही.

'उघडं तोंड' दातांच्या दवाखान्यातलं वाटतं. 'आ वासून' आश्चर्याकडे झुकतं. 'उघडा जबडा' म्हटलं की थेट मगर! 'उघडं थोबाड' सगळ्यात जवळचं, पण थोबाड म्हटलं की आधी ते फोडणंच आठवतं. फ्रेंच शिकवणारी मैत्रीण म्हणते, मूळ नावच ठेव. ते नको, कारण बघणाऱ्यांत फ्रेंच कुणालाच येत नाही.

दोन-तीन शब्दांत बसायला हवं. 'विवृत मुख'छाप संस्कृत कृपया नको. शिवी नको, पण ओशाळवाणा सभ्यपणाही नको. येणाऱ्यांपैकी काहींनी घरी असं आजारपण काढलंय.

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी, कुठलीही बोली चालेल. मरणाच्या दारातल्या माणसाच्या उघड्या राहिलेल्या तोंडाला तुमच्याकडे काय म्हणतात?